वस्तादाची कमाई

पैलवानकी पिकासारखी, हंगाम सरला की रान मोकळं. मग पैलवानानं करावं काय? मला उत्तर मिळतं गणपतराव आंदळकरांच्या आयुष्यात. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा हा गडी. १९६० साली ते हिंदकेसरी झाले. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक जिंकलं. पुढं कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली घडलेल्या दादू चौगुल्यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं.

पोराला गदा मिळाली नाही, की दूध-बदामाचा खर्च वाया गेला, असं आपण म्हणतो. पण शिकलेला डाव म्हणजे राखलेलं बियाणं. तो दुसऱ्याच्या पोराच्या अंगी पेरला, की पुन्हा उगवतो. आंदळकर २०१८ साली गेले. त्यांचं पेरलेलं मागं राहिलं.