आटत्या पाण्यातली मरळ

उत्तर अमेरिकेत सरोवरे गोठण्याआधी मस्की या शिकारी माशासाठी गळ टाकले जातात. कवठे महांकाळच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात हंगाम मिटवते ते ऊन. चैत्र-वैशाखात तलाव आटू लागले की मरळीची वाट पाहणे सुरू होते. केवळ कल्ल्यांवर तिचे भागत नाही. हवा घेण्यासाठी तिला वर यावेच लागते. म्हणूनच ती चिखलातही तग धरते आणि म्हणूनच सापडते. कुणाच्या श्वासावर टपून बसणे मला नेहमीच अप्रशस्त वाटत आले आहे. (रस्सा मात्र कधी नाकारलेला नाही!) म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी आले की भर उन्हाळ्यातही एखादा तलाव भरतो. मग मरळ कुठेही वर येते, आणि गळ टाकणारा भलतीकडेच पाहत असतो.