डबलसीट

परवा जुन्या सायकल क्लबांबद्दल वाचत बसलो होतो. लंडनमध्ये १८७० साली पिकविक बायसिकल क्लब निघाला. डिकन्स नुकताच गेला होता, म्हणून प्रत्येक सभासदाने त्याच्या 'पिकविक पेपर्स'मधल्या एकेका पात्राचं नाव घ्यायचं अशी रीत पडली. सगळा पुरुषांचा कारभार! मला ही युक्ती आवडली. नाव बदललं की वय, हुद्दा सगळं बाहेर. पोरसवदा सभासद आणि पिकल्या मिशांचा गृहस्थ एकमेकांची चेष्टा करायला मोकळे.

आपल्याकडेही बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ला सायकलवरून जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे प्रवास पुरा करून १९२८च्या मार्चमध्ये परतले. पुढे १९३३ला आणखी तिघे मुंबईहून निघाले, ते १९४२ला आले. या मंडळींच्या ताकदीचं कौतुक होतंच. पण इतकी वर्षं सोबत राहायचं तर नुसते दंड कमावून कसं भागेल?

आमच्या रहिमतपुरात असला क्लब नव्हता. सायकलच्या दुकानापुढचं बाकडं हाच क्लब. आजोबा आणि त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेले एक मित्र कोरेगावच्या बाजाराला डबलसीट जायचे. आजोबा घरात मोजकंच बोलत. रडताना तर त्यांना कुणी पाहिलं नाही, अगदी आजीनेसुद्धा.

ते मित्र, आमचे काका, काही वर्षांपूर्वी सहज बोलून गेले, "तुझी धाकटी आत्या तापाने गेली ना, त्या वर्षी अण्णा माझ्या कॅरिअरवर बसून रडायचे. मी मागं वळून बघायचो नाही. पायडल मारत राहायचो."

मी सुन्न झालो.

समोरासमोर बसून दुःख बोलणं पुरुषांना जमत नाही बहुतेक. एकाच दिशेला तोंड करून जमतं. त्या क्लबांतल्या लांबलांबच्या फेऱ्यांमध्येही हेच चालत असेल का? मला तरी तसं वाटतं.

माझा मुलगा म्हणतो, गिअरच्या सायकलला कॅरिअर शोभत नाही. मी मात्र बसवायचाच म्हणून हटून बसलोय. का, ते त्याला नीट सांगता येत नाहीये..

असो. तुमच्या आजोबांचा असा कुणी पाठमोरा मित्र होता का? घरात विचारून बघा.