बठ्ठं खना!

वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि त्यातून बँकेतला कारकून म्हणजे जगातल्या सर्व वस्तूंचे दोन भाग करणारा प्राणी : जमा आणि नावे. कशातच बसत नाही ते अनामत खात्यात टाकायचे आणि चहाला उठायचे. एक यंत्रही असाच निवाडा करते हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल बंधुभाव वाटला.

यंत्र म्हणजे धातुशोधक. भाच्याने पुण्याहून आणले. निमित्त असे, की पांझराकाठच्या आमच्या शेतात कापूस वेचताना वहिनींच्या कानातले फूल पडले. सोने जेमतेम दोन ग्रॅम. पण त्यांच्या आईने घातलेले. ते वजन आमच्या बँकेच्या काट्यावर येत नाही.

भाचा इंजिनियर. त्याने समजावले, "मामा, या तबकडीतल्या वेटोळ्यातून वीज फिरते. तिच्या चुंबकीय क्षेत्राने जमिनीतल्या धातूत प्रवाह उठतो आणि तो उलट निरोप पाठवतो. निरोपाच्या तऱ्हेवरून यंत्र आकडा देतं. लोखंड अगदी खाली, चांदीचा रुपया वर."

"आणि सोनं सगळ्यात वर!" मी.

"छे! बारीक सोनं खालीच, सिगारेटच्या चंदेरी कागदाशेजारी."

सोन्याची ही किंमत ऐकून माझ्यातला सोनेतारण विभाग हादरला. आमचे सराफ दागिना कसोटीवर घासतात, आम्ल लावतात. चुंबक लावला तर तो एवढेच सांगतो की चिकटले ते सोने नव्हे. न चिकटलेले सोनेच असेल असे नाही. पितळही चिकटत नाही. बरे, चिकटते ते लोखंडच म्हणावे, तर 1947 चा निकेलचा रुपयाही चिकटतो. आजचा पोलादी रुपया चिकटतो, मधला तांबे-निकेलचा चिकटत नाही. चुंबकाला सरकारी धोरण कळत नाही.

शेतात यंत्र सारखे कुरकुरू लागले. आपली काळी माती बेसाल्टची; तिच्यातच लोहखनिजाचे कण. भाच्याने मातीचा हिशेब जुळवला, मग "लोखंड नको" आणि "कागद नको" अशी दोन बटणे दाबली. यंत्र गप्प. अर्धे शेत झाले, एक आवाज नाही.

बांधावर मंडळी जमली. "काय शे भाऊ, गुप्तधन?" एकाने 1878 चा कायदाही काढला : दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन जमिनीत सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. दहा रुपयांत हल्ली कलेक्टर कचेरीसमोर चहा येतो.

वहिनींनी भाच्याला विचारले, "कागद नको म्हटलंस, म्हणजे माझं फूलही नको ना रे?"

भाचा थांबला. "हो मामी. आणि शेजारी खिळा असेल तर त्याच्या आवाजाखालीही दडेल."

"मग काढ ती बटणं. बठ्ठं खना!"

खणले. बैलाचे तीन नाल, नालाचे खिळे, वखराच्या पासेचा तुकडा, नांगराचा बोल्ट, चंदेरी कागद. प्रत्येक वेळी वहिनी वाकून पाहत आणि काही न बोलता पुढच्या जागेकडे बोट दाखवत. ऊन उतरताना एक कुचकामी, खालीवर होणारा आकडा आला. भाचा म्हणाला, "खिळाच." खणल्यावर खिळाच निघाला, आणि ढेकूळ फोडले तर त्याच्या पोटात फूल.

वहिनींनी ते पदराला पुसून कानात घातले. वजन कोणी केले नाही.

कर्जाच्या अर्जालाही आता तीनशे ते नऊशेपर्यंत गुण असतात. ज्याने कधी कर्जच काढले नाही, त्याच्यापुढे उणे एक येते. परवा असाच एक कोरडवाहू शेतकरी आला. साहेब म्हणाले, "बाजूला ठेवा." मी म्हटले, "साहेब, एकदा खणून पाहू. सात-बारा पाहू, सोसायटीत विचारू."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. सोमवारी मी त्याच्या गावी जाणार आहे.