चवळीची शेंग

तीन वर्षांपूर्वी राखीच्या सुट्टीत नात आमच्याकडे इंदूरला आली होती. परसात खेळता खेळता तिने चवळीची कोवळी शेंग तोडली आणि तोंडात घातली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि ओरडतच बाहेर धावले. आदल्या संध्याकाळीच मी त्या चवळीवर दुकानातून आणलेलं औषध फवारलं होतं.

शेंग थुंकायला लावली, चुळा भरायला लावल्या, डॉक्टरांना फोन करून बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं. तिने गिळलं नव्हतं, त्यामुळे काही झालं नाही. पण ती रात्र मी तिच्या उशाशी बसून काढली. सकाळी उठल्यावर तिने विचारलं, "आजी, खायची नाही तर मग ही भाजी लावतेस कशाला?"

काय उत्तर देणार? बाजारच्या भाजीवर औषधं मारतात म्हणूनच तर मी घरी भाजी लावायला लागले होते! फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे बाटलीवर छापलेलं होतं. ते बारीक अक्षर मी वाचलंच नव्हतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त कृषी प्राध्यापक राहतात. त्यांनी चवळी पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, या मेलेल्या अळ्या बघितल्यात का?" काळपट, पाठीवर नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या. मला वाटलं, कीड मेली, बरं झालं. तर त्या निघाल्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या अळ्या! चवळीवरचा मावा खायला आलेल्या. मी शत्रूबरोबर राखणदारही मारले होते. दहा-बारा दिवसांत मावा पुन्हा आला, या वेळी त्याला खाणारं कुणी नव्हतं.

दुसरी चूक युरियाची. त्याने पानं लुसलुशीत होतात, आणि मावा नेमका तिथेच बसतो. म्हणून आता फक्त कंपोस्ट. काडीकचरा, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, अधूनमधून उलथायचं. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. ही पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती आपल्याच शहरात विकसित केली, आणि १९३१ साली त्यावर निघालेल्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. इतकी वर्षं इंदुरात राहून मला हे ठाऊक नव्हतं!

कीड दिसली की आता आधी तीन-चार दिवस नुसतं बघते. ढालकिडे आले असतील तर हात लावत नाही. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाकते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, कडेने झेंडू. तरीही आवरलं नाही, तरच निंबोळी अर्क. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवते. ५० ग्रॅम बियांची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवायचा. फवारणी त्याच दिवशी संध्याकाळी. उन्हात अर्काचा जोर लवकर जातो आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. भाजी धुऊनच घ्यायची, हे आहेच.

सगळं साधतं असं नाही. वांग्याची शेंडे आणि फळं पोखरणारी अळी अजून मला दाद देत नाही. सुकलेले शेंडे रोज खुडून नष्ट करते, तरी बरीच वांगी किडकी निघतात. पूर्वी अशी दोन वांगी दिसली की मी बाटली काढत असे. आता किडका भाग कापून टाकते, उरलेल्याचं भरीत करते.

यंदा राखीला नात आली तेव्हा परसात शिरण्याआधी दारातच थांबली. "आजी, आज औषध मारलंयस?" तीन वर्षं झाली, तरी ती विसरलेली नाही. मी चवळीची एक शेंग तोडली, नळाखाली धुतली, आधी अर्धी स्वतः खाल्ली आणि उरलेली तिच्या हातात दिली.