बाळकृष्णाच्या पोटात

मंडळी, यशोदेला बाळकृष्णाच्या मुखात विश्व दिसलं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही उभयता मात्र गेल्या गोकुळाष्टमीआधी थेट त्याच्या पोटातच जाऊन बसलो होतो. तेही न्यू जर्सीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर!

त्याचं झालं असं. घरचा पितळी रांगता बाळकृष्ण साताऱ्याला थोरल्या भावाकडे असतो आणि आई आमच्याकडे. तिची नजर आता जवळजवळ गेली आहे, तरी रोज सकाळी विचारते, "देवाला आंघोळ झाली का?" म्हणून ठरवलं, मूर्तीची हुबेहूब प्रत इथे थ्री-डी प्रिंटरवर छापायची. आई बोटांनीच ओळखणार, तेव्हा मापात फसवाफसवी चालणार नव्हती.

थोरल्यांनी मूर्ती, सिंहासन आणि छत्री एकत्र मांडून स्कॅन करवली आणि तीन भागांच्या तीन एसटीएल फायली पाठवल्या. स्कॅनमधली भोकं, खडबड ब्लेंडरमध्ये साफ करायचं काम आमच्याकडे. पहिली फाईल उघडली, तर पडदाभर नुसता करडा रंग! एसटीएल फाईलीत आकडे असतात, पण ते इंच की मिलिमीटर, हे लिहिलेलं नसतं. स्कॅनवाल्याचे आकडे मिलिमीटरचे, तर ब्लेंडर एकाला एक मीटर धरतो. 62 मिलिमीटरचा देव 62 मीटरचा झाला, आणि आम्ही आत!

मग घाईघाईने प्रत्येक भाग आपापल्या जागी हजारपट लहान केला. आकार आले, पण मधली अंतरं मीटरातच राहिली. छत्री कुठल्या कुठे वर. तिघांनाही ओढून मध्यावर आणलं, तर छत्रीचा दांडा देवाच्या पाठीतून आरपार. आईला काय सांगणार?

शेवटी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. तिन्ही फायली आत घेतानाच प्रमाण 0.001 दिलं आणि कुणालाही जागचं हलवलं नाही. एकत्र मोजलेले भाग आपसूक एकमेकांत बसले. थोरल्यांना फोन करून मूर्तीची उंची पट्टीने मोजायला लावली, ती पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिली, आणि मगच ब्रश हातात घेतला. एखादा भाग आत आणल्यावर लहानमोठा केलाच, तर आधी 'अप्लाय स्केल' करावं. एका बाजूला ताणलेल्या भागावर ब्रश वेडावाकडा चालतो. छपाईला पाठवताना उलट हजाराने गुणायचं, कारण तिकडचं सॉफ्टवेअर सहसा मिलिमीटर धरतं. नाहीतर देव वाळूच्या कणाएवढा!

अष्टमीला मूर्ती आईच्या तळहातावर ठेवली. तिचा अंगठा सरळ झिजलेल्या नाकावर गेला. "आपलाच आहे," म्हणाली. मग जरा थांबून, "पण इतका हलका कसा झाला रे?"

पुढच्या वर्षी पितळेत ओतून घेणार आहोत. फाईल मोजून ठेवली आहे.