जात्याची पारख

नवी वस्तू घेताना पैसे मोजले की काम भागते; जुनी घेताना वस्तूबरोबर माणूसही पारखावा लागतो. आम्ही बंगळूरकर मराठी मंडळी वर्षानुवर्षे पितळी फिल्टरच्या कॉफीवर तृप्त होतो. चिरंजीवांनी पहिल्या पगारातून एस्प्रेसोचे यंत्र आणले, आणि ही तृप्ती संपली. दुकानात दळलेली पूड घातली की पाणी क्षणार्धात वाहून जाई व पेल्यात पाणचट, आंबूस काढा उरे. मुलाचा हिरमुसलेला चेहरा पाहवत नसे.

या पेयाचे सारे मर्म दळणात आहे. मिलानच्या लुईजी बेझेरा याने १९०१ साली अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्यातील वाफेचा दाब बेताचाच होता. पुढे १९४८ च्या सुमारास अकिले गाज्जियाच्या तरफेच्या यंत्रांनी तो हवेच्या दाबाच्या आठ-नऊ पटींवर नेला. एवढ्या जोराने येणारे पाणी थोपवून धरते ती केवळ पूड. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. पूड किंचित भरड झाली तर पाणी पळते. फार बारीक झाली तर अडते. तेव्हा दळण केसाकेसाने बदलता येईल असे यंत्र हवे, आणि तसे नवे यंत्र म्हणजे आणखी एक पगार!

म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला. सौभाग्यवतींना ते रुचले नव्हते. "मुलाच्या कष्टाचा पैसा, आणि वस्तू दुसऱ्याची वापरलेली?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते गृहस्थ निवृत्त. प्रकृतीमुळे कॉफी वर्ज्य झालेली. त्यांनी यंत्र आधी रिकामेच चालवून आवाज ऐकविला. मग आस डगमगत नाही, हे हाताने हलवून दाखविले. शेवटी झाकण काढून पोलादी चकत्या आमच्यापुढे ठेवल्या. कोपऱ्यांत जुन्या पुडीचा खवट वास नव्हता. परंतु धारेवरून नख फिरवून ते स्वतःच म्हणाले, "या बोथट झाल्या आहेत. दळण आता एकसारखे पडत नाही. नव्या चकत्यांची किंमत वजा करूनच पैसे द्या."

सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे जात्याला टाकी लावण्यासारखेच की!" त्यांच्या माहेरी पाथरवट येऊन जात्याला टाकी लावून जाई. गुळगुळीत झालेला दगड दाणा कापीत नाही, नुसता रगडतो. पोलादाला टाकी लागत नाही, चकत्या बदलाव्या लागतात, एवढाच काय तो फरक. व्यवहार तेथेच ठरला. घासाघीस करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. जो आपल्या वस्तूचे वैगुण्य आपणहून सांगतो, त्याच्याशी घासाघीस कशी करावी?

नव्या चकत्या बसविल्यावर दोन-तीन दिवस प्रमाण जुळविण्यात गेले. मग एके सकाळी मधाच्या रंगाची संथ धार लागली, आणि चिरंजीवांनी पहिला पेला आईपुढे ठेवला. त्याच सायंकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. कॉफी कशी झाली, हे त्यांनी विचारले नाही. एवढेच विचारले, "किती सेकंद?"

"सत्तावीस," मी म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते समाधानाने हसले.