सतरा पायऱ्यांचा फरक

सूर्यास्त बघायला मुद्दाम कुठे जावं लागतं, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या नागपूरच्या घरी तो रोज समोरच्या पाण्याच्या टाकीमागे होत असे, आणि त्या वेळी मी बँकेत कॅश जुळवत असे. तरीही गेल्या डिसेंबरात मी, सौ., चिरंजीव आणि आई असे चौघे पचमढीला गेलो. कारण एलएफसीची मुदत संपत होती. बँकेतला माणूस निसर्गप्रेमानं घर सोडत नाही. फुकट जाणारं भाडं त्याला बाहेर काढतं.

पिपरियाला रेल्वेतून उतरलं की पुढे पन्नासेक किलोमीटर रस्ता. दोन्ही बाजूंना विरळ साग आणि मधून पिवळं, उंच गवत.

"बाबा, याला नुसतं जंगल म्हणू नका. काही शास्त्रज्ञ आता अशा रानाला सॅव्हाना म्हणतात." चिरंजीव वनस्पतिशास्त्र शिकतात.

"सॅव्हाना आफ्रिकेत असतो."

"ते तुमच्या वेळी!"

हे वाक्य आमच्या शाखेतली नवी मुलंही म्हणतात, त्यामुळे मी गप्प बसलो.

इंग्रजांनाही हा डोंगराळ मुलूख फार आवडला. कॅप्टन फोर्सिथचं त्यावरचं पुस्तक १८७१ साली निघालं आणि पुढे मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून फायलींसकट इथे मुक्कामाला येऊ लागलं. नागपूरचा मे महिना ज्यानं भोगलाय तो एवढ्यापुरतं इंग्रजांना माफ करील.

पहिला दिवस बी फॉलचा, म्हणजे जमुना प्रपाताचा. आईचे गुडघे सत्त्याहत्तर वर्षांचे, म्हणून ती वरच चहाच्या टपरीपाशी बसली. मी सवयीनं पायऱ्या मोजत उतरलो, सौ.ही मोजत उतरल्या. खाली पोचल्यावर दोघांच्या आकड्यांत सतराचा फरक! फरक निघाला की तो सापडेपर्यंत उठायचं नाही, हे माझ्या रक्तातच आहे. धबधब्याखाली लोक किंचाळत भिजत होते आणि आम्ही नवराबायको, वळणावरचा तुटका दगड पायरी धरायचा की नाही, यावर भांडत होतो. चढताना पुन्हा मोजल्या. फरक तेवीसवर गेला.

"कसं आहे रे पाणी?" आईनं विचारलं.

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माझ्यापाशी सांगण्यासारखा फक्त आकडा आहे. तोही वादग्रस्त.

"मला इथून ऐकू येत होतं," तीच म्हणाली. "पोळं उठल्यावर माश्या घोंगावतात ना, तसं."

त्या आवाजावरूनच बी फॉल हे नाव पडलं, असं जिप्सीवाल्यानं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धूपगड. सातपुड्याचं सर्वांत उंच टोक, साधारण १,३५० मीटर. सूर्यास्ताच्या कठड्याशी एक तारखेला पेन्शनच्या काउंटरवर असते तशी गर्दी. मी आईसाठी पुढची जागा धरली, पंधरा मिनिटं कोपरांनी राखली आणि वळून पाहतो तो आई नाही!

आता तिथे कठडा सोडला की दरीच आहे. आम्ही तिघं तीन दिशांना धावलो. शेवटी ती सापडली पलीकडच्या बाजूला, जिथे लोक सकाळी सूर्योदय बघतात. शाल पांघरून, पश्चिमेला पाठ करून एकटीच बसली होती.

"आई, सूर्य तिकडे आहे!" मी खेकसलोच. घाबरलेला माणूस प्रेमानं बोलत नाही.

"तो रोजच असतो. तो पाह्य, चौरागड."

समोर दऱ्या काळोखात गेल्या होत्या आणि एका डोंगराचं टोक तेवढं तांबूस उरलं होतं. वर महादेवाचं देऊळ. विदर्भातून शिवरात्रीला माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिथे जातात, हे मला माहीत होतं. आजोबाही गेले होते, हेही माहीत होतं.

"मी सात वर्षांची होते. विषमज्वर झाला होता. डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा बाबांनी मला वाचवायसाठी त्रिशूळ बोलला."

हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

टोकावरचा उजेड विझला. मागे कठड्याशी टाळ्या पडल्या. म्हणजे सूर्य मावळला असावा. माझा बघायचा राहिला.

उतरताना आईनं जिप्सीवाल्याला विचारलं, चौरागडाला पायऱ्या किती? तो म्हणाला, हजारावर.

"नक्की किती?" सौ.नी विचारलं.

"मोजाव्या लागतील," आई म्हणाली. "सावकाश चढलं तर जमेल मला."

एलएफसीचा पुढचा ब्लॉक कधी सुरू होतो, ते बघतोय.